तात्यांनी जिंकलेली गावं

डिचोलीच्या बाजारात भिकूतात्यांचा पसरा, म्हणजे किराणा मालाचं दुकान, आणि दुकानाच्या दोन्ही अंगांना सिमेंटचे दोन सोपे, म्हणजे बसायचे कट्टे. सोप्यावर बसायला पैसे पडत नाहीत, म्हणून माणसं बसतात. बसली की बोलतात. आणि बोललेलं कोणी झाडून काढत नाही, त्यामुळे ते साठत जातं. माझ्याकडचे हे किस्से त्या साठ्यातले. मी थोडं वाढवून सांगतो असा माझा लौकिक आहे, आणि तो खोटा नाही. पण या खेपेला वाढवायला फारशी जागाच नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो.

तेव्हा गोवा अजून राज्य झालं नव्हतं. मी हरमलचा, नोकरीला डिचोलीत एका सरकारी ऑफिसात. ऑफिस सुटलं की सोपा गाठायचा, एवढाच माझा दिनक्रम. तात्या पुड्या बांधता बांधता बोलायचे. बाकीच्यांकडे दहा-वीस हुमाणं असतात. हुमाण म्हणजे कोडं. तात्यांकडे एकच होतं. पण ते संपत नसे.

ते असं. आंब्यावर एक पोपट बसला होता. वरून थवा चालला. हा ओरडला, "शंभर भावांनो, कुठं चाललात?" थव्यातला म्हातारा म्हणाला, "शंभर कुठले, बाबा? आम्ही आहोत तितके, आणखी तितकेच, त्याचे अर्धे, अर्ध्याचे अर्धे, आणि तू आलास तर शंभर." तर थवा केवढा?

सुटलं नाही तर हरणाऱ्यानं गाव द्यायचा, हा आमच्याकडचा जुना रिवाज. घालणारा म्हणतो, "गांव दी." आपण एका गावाचं नाव घ्यायचं, पण आपला ज्याच्याशी संबंध आहे अशाच. तो म्हणतो, "घेतलो." मग तो उत्तर सांगतो. तात्या गाव घेत. उत्तर सांगत नसत.

मी बी.कॉम. तांदळाच्या पुडीवर पेन्सिलीनं गणित मांडून दाखवलं. छत्तीस आणि छत्तीस बहात्तर, अर्धे अठरा, पाव नऊ, झाले नव्याण्णव, आणि झाडावरचा एक. शंभर. थवा छत्तीसचा.

"गणित बरें आसा," तात्या म्हणाले. "पण ताका विचारलें?"

"कोणाला?"

"झाडार बसलाय त्याला. म्हातारा म्हणता, तू आलास तर. तूं ताका हाताक धरून थव्यात बसयलो. तो येतां म्हणालो? गांव दी."

मी हरमल दिलं. पुढं तिथं गोऱ्या लोकांनी खोल्या घेतल्या, स्कूटरी धावायला लागल्या, किनाऱ्यावर झापांचे मांडव पडले. तो सगळा गाव त्या वेळी तात्यांच्या नावावर होता, हे एकाही गोऱ्याला ठाऊक नव्हतं.

* * *

येसूमावशी भाजी विकायला बसायची ती डाव्या सोप्याच्या पायाशी. तांबडी भाजी, मुळे, पावसाळ्यात तायकिळा, म्हणजे टाकळा. तिचा गाव मुळगावच्या पलीकडे, खाणीच्या खालच्या अंगाला. खरं नाव मी सांगत नाही. आंबेखोल म्हणू या. अकरा घरं, एक व्हाळ, म्हणजे ओढा, आणि उरलेली जागा आंब्यांनी घेतलेली.

एकदा भाजी लवकर संपली, मावशी रंगात होती. तात्यांनी हुमाण घातलं. ती म्हणाली, "पोपट मोजपाक म्हाका वेळ खंय? चार पोपट आनी एक म्हातारो."

"गांव दी."

"घे रे. आंबेखोल घे. तुज्या तागडींत मावता जाल्यार घे."

"घेतलो," तात्या म्हणाले, आणि सगळे हसले. ती सगळ्यांत जास्त हसली.

त्या पावसाळ्यात वरची खाणीची माती सरकून व्हाळात आली. शेतं लाल झाली. पुढच्या वर्षी आणखी खाली आली. मग ऑफिसातली माणसं येऊन गेली, आणि ठरलं की आंबेखोलच्या अकराही घरांनी उठायचं. रस्त्याकडेला नव्या जागा मिळणार होत्या. तयार व्हायला दीड-दोन वर्षं लागतील म्हणाले.

पुढच्या बाजाराला मावशी आली ती टोपली उतरवायच्या आधी तात्यांसमोर उभी राहिली.

"तात्या, म्हजो गांव फाटीं दी."

तात्यांच्या हातातला दोरा थांबला. "अगो, खेळ तो. घे, दिलो."

"फुकट? हांव किदें भीक मागूंक आयल्यां?" ती म्हणाली. "हांवें तोंडान दिला. जिखूनच घेतलें. हांगासून उठून वतना तो म्हजो आसूंक जाय. दुसऱ्याचो गांव सोडून गेलें अशें म्हाका नाका."

म्हणजे गाव सोडण्याआधी तो तिला जिंकून परत घ्यायचा होता, आणि त्यासाठी आता उत्तर हवं होतं. आणि उत्तर मान्य व्हायचं ते सोप्यापुढे. एकानं जरी हरकत घेतली तरी बाद. हा नियम तात्यांनीच कधीतरी मिजाशीत केला होता. मोडायला गेले तर मावशीनंच मोडू दिला नाही.

* * *

तिनं पहिल्यांदा विचारलं बाबलोला. बाबलो सरकारी बसवर कंडक्टर. त्याची गाडी सोप्यासमोरच उभी राहायची. गाडी सुटायला वेळ असला की तो सोप्यावर, आणि सुटायची वेळ टळून गेली तरी सोप्यावरच.

"मावशे, हांव पांय मोजतां," बाबलो म्हणाला. "ज्याचो पांय फुटबोर्डार, तो पॅसेंजर. 'तितलेच' म्हणतात तेय आकाशांत, अर्धे तेय आकाशांत, पाव तेय आकाशांत. सगळे गाडयेंत. नव्याण्णव. झाडार बसलाय तो फक्त हात करता. हात करपी पॅसेंजर न्हय."

मला हे पटायला लागलं होतं. तेवढ्यात माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. मी म्हणालो, "मग 'आम्ही' म्हणणारा म्हातारा बाकीच्यांना वेगळं का काढतो? एकाच गाडीत असते तर 'आम्ही' एकदाच म्हणाला असता."

हरकत आली. उत्तर बाद. मावशीनं माझ्याकडं असं बघितलं की तो आठवडाभर मी भाजी दुसरीकडून घेतली.

बाबलो मात्र विचारात पडला. "भाऊ, एका गाडयेंत बसले म्हणून सगळे 'आम्ही' जातत अशें ना," तो म्हणाला. "पणजेची गाडी भरिल्ली आसता. धा जाण 'आम्ही', उरिल्ले एकलेच."

* * *

श्रीपती गडहिंग्लजकडचा. खाणीच्या वर्कशॉपात फिटर. इथं येऊन पंधरा वर्षं झाली तरी बोलणं तसंच. हुमाण हरला तेव्हा त्यानं आपला तिकडचा गाव दिला होता, तर तात्या म्हणाले, "तो महाराष्ट्रांत. आमी केंद्राखाला. भायलो गांव घेवपाक दिल्लीक विचारूंक जाय." त्यामुळे श्रीपतीकडून एक गाव येणं बाकी होतं.

मावशीनं त्याला गाठला.

"सोपं हाय," श्रीपती म्हणाला. "ही शिफ्टची भानगड. आम्ही म्हंजे फर्स्ट शिफ्ट. तितकेच म्हंजे सेकंड. अर्धे रातपाळीला. पाव रजेवर. थवा सगळा एका टायमाला उडतोय कुठं? तुमी बघता तवा छत्तीस दिसत्यात, पर घरात झोपलेले धरून नव्याण्णव. दोन्ही खरं."

"दोन्ही खरं म्हटलेलें चलना," तात्या हळू आवाजात म्हणाले. "एक सांग."

श्रीपतीला एक सांगता येईना. मावशी उठली, टोपली उचलली. तशी तो तिच्या पाठोपाठ चार पावलं गेला. मी जवळ होतो म्हणून ऐकू आलं.

"मावशी, वर जे मशीन माती वडतंय, ते बंद पडलं की दुरुस्त करायचं काम माझं. मी करत न्हाई म्हणालो तर दुसरा करील. पर हल्ली मी जरा सावकाश करतोय. माझ्यानं एवढंच हुतंय."

मावशीनं टोपलीतला उरलेला मुळा काढून त्याच्या हातात दिला. त्या दोघांत पुन्हा या विषयावर बोलणं झालं असेल असं मला वाटत नाही.

* * *

तात्यांची सून सुनंदा वास्कोची, वडील रेल्वेत. लग्नानंतर ती दुपारचं दुकान बघायला लागली. आमच्याकडे तांदूळ मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत. 'लाभ' म्हणतात, मग दोन, तीन. सासऱ्यानं तिला एवढंच सांगितलं होतं, "सुरवात लाभान कर." तिनं केली. लाभ, एक, दोन, तीन. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक माप जास्त.

दुपारची गर्दी वाढली. संध्याकाळी येणारी माणसं दुपारी यायला लागली. तात्या म्हणायचे, "सुनेचो हात बरो." शेवटी सांगितलं ते येसूमावशीनं. तिनंही तांदूळ नेले होते. घरी जाऊन मापले, आणि पुढच्या बाजाराला जास्तीचं माप पदरात बांधून परत घेऊन आली.

तात्यांनी तांदूळ ठेवून घेतले नाहीत. त्यांनी पेन्सिल कानामागं लावली.

"म्हणजे बघ," ते म्हणाले, "तो म्हातारा पोपट मोजता, तो म्हज्या घरचो काय सुनेच्या? तो सुनेसारको लाभापासून मोजता जाल्यार पयलो पोपट मोजणेंत येना."

"मग सदतीस?" मावशी एकदम म्हणाली. तिच्या तोंडावर आशा दिसली.

मी गप्प बसलो. पण श्रीपती सवयीनं बोलून गेला, "मग बेरीज शंभर कशी येईल?"

तात्या त्याच्यावर उखडलेच. "शंभर तरी कोणाच्या मापान मोजले, तुका खबर आसा?"

 उत्तर बाद झालं, पण त्या दिवसापासून तात्यांनी "उत्तर म्हाका खबर आसा" असं म्हणायचं सोडलं. सुनेला त्यांनी काही सांगितलं नाही. दिलेला लाभ परत घेतल्यासारखं होईल, म्हणाले. दुकान काही बुडालं नाही.

* * *

मग भाषेचं आलं. राजभाषा कोंकणी की मराठी, यावरून सगळा गोवा दोन्हीकडं ओढला जात होता. आमच्या सोप्यांचंही तेच. डाव्यावर मराठीवाले, उजव्यावर कोंकणीवाले. गंमत म्हणजे डाव्यावरचे भांडायचे कोंकणीत आणि उजव्यावरचे पेपर वाचायचे मराठी. तात्या मध्ये, दुकानात.

दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना आपापल्या निवेदनावर तात्यांची सही हवी होती. बाजारात त्यांच्या शब्दाला वजन होतं. आधी एक आला. त्याला हुमाण माहीत होतं, तेच वापरलं. "तात्या, आम्ही आहोत, तितकेच डिचोलीत आहेत, अर्धे पेडण्यात. तुम्ही आलात तर शंभर."

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूचा आला. त्यानंही तेच म्हटलं. फक्त पेडण्याच्या जागी फोंडा होतं.

तात्यांनी दोघांनाही एकच विचारलं. "मी आलो नाही तर तुम्ही किती?"

 दोघांच्याही माणसांनी मग तात्यांच्या दुकानात यायचं बंद केलं. दोन महिने सोपे रिकामे. मी गेलो तरी एकटा. कुठल्या सोप्यावर बसावं हे कळेना म्हणून उभाच राहायचो.

त्या दोन महिन्यांत न चुकता आली ती फक्त येसूमावशी. तिला कोणी सही मागितली नव्हती. ती भाजी लावायची आणि म्हणायची, "तात्या, सोपो भर रे. कोण हरकत घेवपाक ना जाल्यार हांव जिखूं कशी?"

तात्या म्हणाले, "आतां सांग गो, आयकपी कोण ना. हांव हय म्हणतां."

"ना," ती म्हणाली. "रित्या सोप्यार जिखिल्लो गांव म्हाका नाका."

* * *

सोपे भरले. माणसं किती दिवस घरात चहा पिणार? मावशी पुन्हा उत्तरं आणायला लागली. एकदा म्हणाली, "अकरा. आमचीं घरां अकरा, थवोय अकरांचो." सगळ्यांना ते उत्तर आवडलं. तात्यांनी घाईघाईनं 'घे' म्हणायला तोंड उघडलं होतं. आणि बाबलो, ज्याच्या मनात तिच्याविषयी माया सोडून काही नव्हतं, तो म्हणाला, "पण अकरांचे अर्धे कशे करतले, मावशे? एक पोपट कापूंक लागतलो."

तात्यांनी त्याच्यावर गुळाचा खडा फेकला. बाबलोनं तो झेलला, खाल्ला, आणि मग त्याला आपण काय केलं ते कळलं. खाली मान घालून तो गाडीत जाऊन बसला. त्या दिवशी गाडी वेळेवर सुटली.

आंबेखोलची घरं एकेक करून उठत होती. दर बाजाराला मावशी सांगायची, आज अमक्याची कौलं उतरवली, आज तमक्याचं दार नेलं. मग आपलं नवं उत्तर द्यायची. उत्तरं चुकतच होती. तिचा आवाज मात्र चढत नव्हता, उतरत होता.

* * *

गोवा राज्य झालं त्या दिवशी डिचोलीच्या बाजारात फटाके वाजले. बाजाराचा दिवस नव्हता, तरी माणसं जमली. तात्यांनी पेढे आणले. डाव्या-उजव्या दोन्ही सोप्यांना एकाच खोक्यातून वाटले. आणि तिसरा की चौथा पेढा खाऊन झाल्यावर त्यांनी जाहीर केलं, "आजपासून सगळ्यांचे गांव फाटीं. राज्य आयलें, आतां म्हाका कित्याक जाय?"

मला हरमल मिळालं. बाबलोला त्याचं नार्वे मिळालं. श्रीपती म्हणाला, "माझं काय? माझं तर घेतलंच न्हवतं." त्याला एक पेढा जास्त दिला.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा येसूमावशी आली. टोपली नव्हती. लुगडं धुतलेलं, हातात एक पिशवी. तिचं सामान दुपारीच ट्रकनं नव्या जागेवर गेलं होतं. ती सगळ्यांत शेवटची उठली होती. आज पहिल्यांदा तिकडं झोपायचं होतं.

"तुजोय दिलो गो," तात्या म्हणाले. "सगळ्यांचे दिले."

"म्हजो दवर थोडो वेळ," ती म्हणाली, आणि सोप्याच्या कडेला बसली. आजवर ती पायाशी बसायची. सोप्यावर बसलेली मी पहिल्यांदाच बघितली. "घाल हुमाण."

तात्यांनी घातलं. आंबा, थवा, म्हातारा, सगळं.  फटाक्यांमुळे दोनदा थांबावं लागलं.

मावशी म्हणाली, "सकाळीं भायर वतत तांकां कोण मोजता? गोरवां सकाळीं सोडटना कोण मोजीना. सांजेक फाटीं येतत तेन्ना दारांत उबें रावून मोजतात. कितलीं आयलीं, कोण उरलें. तुजे पोपट वतत आसात. अजून वाटेर आसात. फाटीं येवंदी, मागीर सांगतां कितले ते. आतांच कोण आंकडो सांगता, तो फट सांगता, खोटें."

 माझ्या डोक्यात छत्तीस होते, पण ते तोंडात आले नाहीत. श्रीपतीनं बाबलोकडं बघितलं. बाबलोनं ओठ घट्ट मिटून घेतले होते.

"कोणाचें कांय?" तात्यांनी विचारलं. डाव्या सोप्याकडं बघितलं, उजव्याकडं बघितलं. "कोणाचें कांय आसा जाल्यार आतां सांगा."

कोणाचं काही नव्हतं.

तात्या गल्ल्यावरून उठले. गिऱ्हाइकासाठी ते कधी उठत नसत. हात धोतराला पुसले आणि म्हणाले, "आंबेखोल तुजो."

"घेतलो," मावशी म्हणाली.

मग ती उठून बाबलोच्या गाडीत जाऊन बसली. गाडी जवळजवळ रिकामी होती. मलाही त्याच वाटेनं जायचं होतं, मी मागच्या सीटवर. बाबलो पुढं आला. इतकी वर्षं तो तिला न विचारता आंबेखोलच्या फाट्याचं तिकीट फाडायचा. त्या दिवशी त्याला विचारावं लागलं.

"मावशे, खंय?"

तिनं नव्या जागेचं नाव सांगितलं आणि म्हणाली, "दोन दी."

बाबलोनं बाजूच्या रिकाम्या सीटकडं बघितलं. "दुसरें कोणाचें?"

"गांवाचें. जिखलां न्हय हांवें? हांव म्हज्या सांगाता व्हरतां ताका."

 बाबलोनं एक फुल तिकीट फाडलं. पेन्सिल दुसऱ्या गठ्ठ्यावर ठेवून त्यानं हळूच विचारलं, "हाफ चलतलें मगे?"

मावशीनं पिशवी सीटवरून उचलून मांडीवर घेतली.

"चलता," ती म्हणाली. "ल्हानच आसा तो."